कुशाबाची धाप

१

कुशाबा वारल्याला वर्ष उलटून गेलं होतं, आणि ओतूरच्या बाजारात तो टॉनिक विकत होता.

दादाभाऊंच्या कृषी सेवा केंद्रात खताच्या थप्पीला टेकून माणसाच्या उंचीचा एक पडदा उभा केला होता. पडद्यावर फेटेवाला म्हातारा, हातात 'जोमराज' टॉनिकची बाटली. चेहरा कुशाबाचा नव्हता. गाल सफरचंदासारखे होते, आणि तसले गाल या तालुक्यात फक्त वाढदिवसाच्या फ्लेक्सवर उगवतात. आवाज मात्र कुशाबाचाच.

"रामराम पावणं! काय म्हनतंय पीक? हात लावा मला, सांगतो!"

पायरीवर उभ्या असलेल्या ठकूबाईचा हात आधी पदराकडे गेला. संसारभर हा आवाज ऐकून तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला होता, तसाच आत्ताही केला. मग तिला आठवलं की आपण विधवा आहोत. ती पोत्यावर बसली.

"मी जल्मभर जोमराजच वापरलं!" मेलेला नवरा गरजला.

जन्मभर कुशाबानं शेणखताशिवाय काही वापरलं नव्हतं. 'टॉनिक' हा शब्द त्याच्या तोंडून एकदाच निघाला होता, तोही शिवी म्हणून.

मामीबरोबर ताडपत्री घ्यायला आलेली त्याची भाची साधना पुढं झाली. पडद्याच्या कोपऱ्यात बंद करायची बारीक फुली होती. तिनं बोट ठेवलं. फुली सरकली. पुन्हा ठेवलं, फुली दुसऱ्या कोपऱ्यात पळाली. भोवतीची माणसं हसली. साधनानं बोट मागं घेतलं. पळणारी फुली तिच्या ओळखीची होती.

आणखीही काहीतरी तिच्या कानाला टोचत होतं. प्रत्येक वाक्याआधी पडद्यावरचा म्हातारा दम घेत होता. घाट चढून आल्यासारखा.

मोटारसायकल लावून ठकूबाईचा मुलगा आदेश आत आला. बापाचा आवाज ऐकून दारातच थिजला, आणि सरळ साधनाकडे वळला.

"तायडे, आबांचा आवाज कुनाकडं व्हता गं?"

ठकूबाईनं मान वर केली.

"साधना," ती म्हणाली, "तुज्या त्या कणगीत भरला व्हता ना ह्यांचा आवाज?"

२

आता ही कणगी काय, ते सांगितलं पाहिजे.

साधना मोबाइलची ॲप बनवायची. पुण्यातल्या एका जाहिरात कंपनीत तिची उमेदीची वर्षं गेली. फोन हलवला की शाम्पूचा फेस पडायचा, तो तिनं पाडला. अंगठ्यानं डास मारा आणि कूपन मिळवा, ते डास तिनं सोडले. जांभई दिली की चहा पुढं करणारं पोस्टर तिनं बसथांब्यावर लावलं, आणि लोक बस सोडून जांभया देत उभे राहिले. त्याला बक्षीस मिळालं. बक्षीस काचेचं होतं. आईनं त्यात उदबत्त्या लावल्या.

मग तिथल्या ऋषी नावाच्या सहकाऱ्यानं पळणाऱ्या फुलीचा शोध लावला. जाहिरात बंद करायला गेलं की फुली बोटाखालून निसटते, आणि माणूस आणखी थोडा वेळ अडकतो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. साधनाला वाटलं, आपण कुणाच्या तरी ताटात थुंकण्याचं कौशल्य शिकतोय आणि वर पगारवाढ मागतोय. ती नोकरी सोडून वारूळवाडीला घरी आली.

इथं तिनं आयुष्यात पहिल्यांदा लाज वाटणार नाही असं ॲप केलं. नाव 'कणगी'. पश्चिमेच्या डोंगरातल्या म्हाताऱ्यांनी भाताच्या, नाचणीच्या, वरईच्या बियाण्याचं जे काही ठाऊक असेल ते त्यात बोलून ठेवायचं. लिहायचं काही नाही, रेंज लागत नाही, जाहिरात नाही. पहिला बोलणारा तिचा मामा, कुशाबा. घरातल्या खऱ्या कणगीला पाठ लावून तो बोलायचा, अगदी हळू. का, तर बियाण्याजवळ मोठ्यानं बोलू नये, ते दचकतं.

आता तीच कणगी चोरीचा माल ठरली होती.

"जाहिरातवालीच ती!" आदेश चारचौघांत ओरडला. "कुत्र्याचं शेपूट!"

ठकूबाई ओरडली नाही, ते जास्त वाईट होतं. ती म्हणाली, "पूस सगळं. ह्यांचं बी, आन् बाकीच्या म्हाताऱ्यांचं बी. उद्या तेबी कुटं कुटं भीक मागत उभं ऱ्हातील."

"मामी, मी नाही दिला आवाज."

"मग कुनी दिला?"

रविवारी याच दुकानात टॉनिक कंपनीचा कार्यक्रम होता. त्यात ठकूबाईला साडी देऊन तिचा सत्कार करायचं कंपनीनं परस्पर ठरवलेलं. हे ठरवताना तिला विचारायचं तेवढं राहून गेलं होतं.

"रविवारपर्यंत थांब," साधना म्हणाली. "तोवर चोर दाखवला नाही, तर तुझ्यासमोर सगळं पुसते."

म्हणाली खरी. पण दाखवणार कुठून?

३

तिनं ऋषीला फोन लावला.

"साधना! पाहिलंस का आमचं काम? बाई, लोक हात जोडतायत स्क्रीनला!"

"मेलेल्या माणसाचा आवाज आहे तो."

"म्हणून तर! जिवंत माणूस उद्या दुसऱ्या ब्रँडकडे जातो. हा जाणार आहे का कुठं?"

साधनानं फोन कानापासून थोडा लांब धरला. काही आवाजांना वास येतो.

"परवानगी कुणाची घेतलीत?"

"फॅमिली कन्सेंट आहे. कागद पक्का. नाव सांगता येणार नाही."

"आवाज माझ्या ॲपमधून घेतलात?"

"तुझं ॲप?" ऋषी हसला. "त्यात म्हातारा पुटपुटतो, बाई. त्यातून काय टॉनिक विकणार? आम्हाला मिळाला तो कडक माल होता. रॉ! नुसता वारा भरलेला. वारा आम्ही साफ केला. धाप पण काढणार होतो, पण क्लायंट म्हणाला राहू द्या, कष्टाचा फील येतो."

फोन ठेवल्यावर साधना मोरीत जाऊन तोंड धुऊन आली. मग अंगणात बसून तिनं विचार केला. आवाजाची नक्कल करणारं यंत्र काही स्वतःच्या मनानं धापा टाकत नाही. त्याला जे चाटवावं तेच ते ओकतं. म्हणजे मामाचा मोठ्यानं बोललेला, वाऱ्यातला, धापा टाकलेला आवाज कुणाच्या तरी फोनात साठवलेला होता.

आणि मामानं धापा टाकत बोलण्याची जागा अख्ख्या जगात एकच होती.

४

कुशाबाच्या डोंगरातल्या वाडीत रेंज नव्हती. घरामागची चढण चढून गेलं की एक सपाट खडक होता, त्याला सगळे रेंजचा दगड म्हणत. फोन करायचा तर तिथं जायचं. तिथं वाराही इतका की आरडल्याशिवाय पलीकडे शब्द पोचत नसे. बोलणी आपोआप साठवून ठेवणारे फोन तर आता पोराटोरांकडेही असतात. तेव्हा प्रश्न सोपा होता: कुशाबा दगडावरून कुणाला फोन करायचा? माणसं तीन.

पहिले दुकानदार दादाभाऊ. त्यांच्याच दुकानात पडदा उभा, म्हणून संशय पहिला त्यांच्यावर.

"मला कंपनीनं पडदा दिला, मी ठेवला," दादाभाऊ म्हणाले. "कुशाबाचा आवाज हाये हे ठकूबाई बसली तवा कळलं. देवाशपथ."

"मामा तुम्हाला फोन करायचा?"

"त्यो आन् फोन? मिस कॉल! एक रिंग वाजली की कट. कंपन्यांनी बोलणं फुकट केलं तरी म्हाताऱ्यानं मिस कॉल सोडला न्हाई. म्या गिऱ्हाईक आटपून उलटा फोन लावायचा. तवर हा दगडावर तंबाखू मळत निवांत बसल्याला."

दुसरा आदेश. नारायणगावला मोटारसायकलच्या शोरूममध्ये दुरुस्तीच्या कामाला. साधनाला पाहून त्यानं पाना आपटला.

"चोराच्या उलट्या बोंबा. माजी चौकशी करती व्हय?"

"आबा तुला फोन करायचे?"

"मिस कॉल द्यायचे." त्याचा आवाज खाली आला. "मी जेवनाच्या सुट्टीत लावायचो उलटा. कदी लावायचो, कदी... राहून जायचं. ते बसून ऱ्हायचे दगडावर." मग पुन्हा चढला, "तुला काय करायचंय?"

तिसरा जावई रामनाथ, कुशाबाच्या रत्नाचा नवरा. पारगावला असायचा. माणूस साखरकारखान्याजवळ राहून साखरेतच बोलायचा. त्यानं खुर्ची पुसून दिली, चहा मागवला, रत्ना सासरकडच्या कुणाच्या लग्नाला गेल्याचं सांगितलं. घराला लागून नवा गाळा बांधलेला. वर पाटी, तिच्यावर चादर घातलेली.

"ताई, माझा तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे," तो म्हणाला. "आदेशचं मात्र सांगता येत नाही. घरचा माणूस म्हणून बोलतो."

"मामा तुम्हाला फोन करायचे?"

"मामा? सगळ्यांसारखंच. मिस कॉल! मग मी लावायचो. लई प्रेमळ माणूस."

त्यानं डोळे टिपले. रुमालाची घडी इस्त्रीची होती.

साधना बाहेर पडली आणि रस्त्यावर थांबली. तिघांनाही मिस कॉल. तिघंही उलटा फोन लावणार, तोवर मामा बसून, दम खाऊन, शांत झालेला. मग त्याची धाप गेली कुणाच्या फोनात?

कुणाच्याच नाही. आणि तरी ती बाजारात टॉनिक विकत होती.

५

शनिवारी ती डोंगरात गेली आणि चढण चढून रेंजच्या दगडावर पोचली. जाहिरात कंपनीतल्या खुर्चीनं तिच्या फुप्फुसांचं जे केलं होतं ते पहिल्या वळणालाच कळलं. वर पोचताच तिनं न थांबता आईला फोन लावला.

"काय गं," आई घाबरली, "कुत्रं मागं लागलंय का?"

"तसंच — वाटतंय — का?"

"अगदी."

मग ती बसली. दम खाल्ला. आईला मिस कॉल दिला. आईनं आमटीला फोडणी देऊन उलटा फोन लावला.

"आता बरी वाटतीयेस," आई म्हणाली.

म्हणजे पडद्यावरची धाप त्याच फोनातली, जो मामानं वर पोचल्या पोचल्या, दम न खाता, स्वतः लावला होता. एकदा नव्हे, नेहमी. एखाद्याच फोनात धाप असती, तर यंत्र ती प्रत्येक वाक्याआधी घ्यायला शिकलं नसतं. तिघांपैकी एकाला तो मिस कॉल देत नव्हता. आणि त्या एकानं खोटं सांगितलं होतं.

खाली वाडीतून ठकूबाई चढणीकडे पाहत उभी होती. बोलावत नव्हती, पण घरातही जात नव्हती. साधनाला आठवलं: रत्नाच्या लग्नानंतर जेवायला पाट मांडले की मामा आधी कुणाच्या पाटाकडे बघायचा. दुधावरची साय कुणाच्या वाटीत जायची. कोंबडा कुणाच्या येण्यावर कापला जायचा.

तिनं दगडावर हात आपटला. उत्तर सुरुवातीपासून ताटात वाढलेलं होतं.

पण तिच्या तोंडून ते निघालं तर आरोप ठरणार होता. जाहिरातवालीच ती. ते दुसऱ्या कुणाच्या तोंडून निघायला हवं होतं.

६

रविवारी दादाभाऊंच्या दुकानासमोर मांडव, खुर्च्या आणि फुग्यांची कमान. कमानीखाली पडदा. "हात लावा मला!" म्हणून कुशाबा पोरांना बोलावत होता, पोरं त्याच्या नाकावर बोटं टोचून अळ्या मारायचा खेळ खेळत होती.

कंपनीची माणसं अजून वाटेत होती. रामनाथ इस्त्रीच्या शर्टात पाहुण्यांना बसवत होता. कार्यक्रम त्याच्याच घरचा असावा असा.

ठकूबाई पडद्याकडे पाठ करून बसली.

"झालं का तुजं?" तिनं साधनाला विचारलं. "का पुसतीस?"

"एकच गोष्ट. तिघांनी मला जे सांगितलं तेच तुझ्यासमोर सांगायचं. दादाभाऊ, मामा तुम्हाला फोन कसा करायचा?"

"मिस कॉल द्यायचा."

"आदेश?"

"सतरांदा काय इचारती? मिस कॉल."

"रामनाथराव?"

"मिस कॉलच की," रामनाथ हसला. "सगळ्यांना माहीतंय मामांची सवय."

ठकूबाईचा चहाचा कप ओठापाशी थांबला.

"काय म्हनलात, जावईबापू?"

"म्हटलं, मामा मिस कॉल..."

"ह्यांनी? तुमाला?" ठकूबाई उभी राहिली. आठवडाभर न चढलेला तिचा आवाज आता चढला. "पोरीच्या सासरी मिस कॉल? आवो, गरीब व्हतो आमी, बेशरम नव्हतो! जावयानं सासऱ्याला उलटा फोन लावायचा? माजा मानूस डोंगर चढून गेला की आदी जावयाला फोन लावायचा, मग बाकीच्यांस्नी मिस कॉल. मी म्हनायची, आवो, बसा तरी, दम खावा. तर म्हनायचे, सोयऱ्याला बसून फोन करू नये. हुबं ऱ्हावं. छातीचा भाता व्हायचा, पर हुबं ऱ्हाऊन..."

ती थांबली. पाठीमागं पडद्यानं दम घेतला आणि गरजला, "रामराम पावणं!"

ठकूबाई हळूहळू वळली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा तिनं पडद्याकडे नीट पाहिलं. मग जावयाकडे.

"ह्यो तर," ती म्हणाली, "तुमच्याशीच बोलतोय."

साधनाला पुढचं फार बोलावं लागलं नाही. कणगीतला मामा पुटपुटतो. दादाभाऊंच्या आणि आदेशच्या फोनातला मामा निवांत आहे. धापा टाकत, ओरडत, नेहमी बोललेला मामा फक्त जावयाच्या फोनात असू शकतो. आणि तसं नसेल तर रामनाथराव खोटं का बोलले, आणि पारगावच्या नव्या गाळ्यावर चादरीखाली काय लिहिलंय, तेवढं त्यांनी सांगावं.

"जोमराज," गर्दीतून पारगावचा एक जण म्हणाला. "अधिकृत विक्रेते. काल वाऱ्यानं उडाली की चादर."

रामनाथनं रुमाल काढला, कपाळ पुसलं, आणि मग त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं. ती लाज नव्हती. तो दुखावला होता.

"मी विकला नाही, अमर केला!" तो म्हणाला. "कोण ओळखत होतं मामांना वाडीच्या बाहेर? आज चाकण-मंचरपर्यंत पडदे लागणारेत. माणूस गेल्यावर आवाज नुसता फोनात सडवायचा का? मला एजन्सी मिळाली, त्यांना नाव मिळालं. मामींना साडी पण सांगितलीय मी, पैठणी!"

आदेशनं त्याची कॉलर धरली.

"सोड," ठकूबाई म्हणाली. "जावई हाये. अंगाला हात लावायचा न्हाई." आणि मग, त्याच सुरात, "दादाभाऊ, ह्यांस्नी बंद करा. लई दमल्यात."

दादाभाऊ फुलीमागं धावले. फुली वर, फुली खाली, फुली म्हाताऱ्याच्या मिशीत. साधनानं पडद्यामागं हात घालून वायर ओढली. प्लग काही पळत नाही.

"हात ला—" एवढं म्हणून कुशाबा गप्प झाला. काळ्या पडद्यात फुग्यांच्या कमानीचं प्रतिबिंब तेवढं राहिलं.

७

कंपनीची गाडी आली, परिस्थिती पाहून वळली आणि गेली. पैठणीसकट.

ऋषीचा फोन मात्र आला. "कन्सेंट इश्यू झालाय म्हणे. काही हरकत नाही, दुसरा आवाज टाकतो. फक्त एक विचारायचं होतं, धाप तेवढी मामांचीच ठेवली तर चालेल का? टेस्टिंगला फार छान गेलीय."

साधनानं फोन कट केला. ही एक फुली तिला पहिल्या फटक्यात सापडली.

"मामी, पुसू का मग कणगीतलं?" तिनं विचारलं.

"त्यात हळू बोलत्यात ना?"

"अगदी हळू."

साधनानं कणगी लावून दिलेला फोन ठकूबाईनं कानाशी धरला. बाजाराच्या गलक्यात तिला काय ऐकू आलं कोण जाणे. तिचा हात पदराकडे गेला आणि तिथंच राहिला. "ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. आदेशनं मान खाली घालून साधनाच्या गाडीला त्या दिवशी घ्यायची राहिलेली ताडपत्री बांधून दिली. तायडीची माफी मागायची त्याची ती रीत.

रामनाथ मांडवाच्या कडेला एकटा उभा होता. जेवायची वेळ झाली होती आणि जावयाला कुणी या म्हणत नव्हतं. ओतूरच्या बाजारात असं दृश्य कुणी पाहिलेलं नव्हतं, म्हणून माणसं मिसळपाव हातात धरून पाहत होती.

ठकूबाईनं कमरेचा बटवा सोडला. आतून कुशाबाचा जुना, तिनं अजून चालू ठेवलेला फोन काढला, त्याची बटणं झिजून गुळगुळीत झालेली. तिनं यादीतला पहिला नंबर दाबला आणि सगळ्यांना दिसेल असा फोन हातात धरला.

मांडवाच्या कडेला रामनाथच्या खिशात एक रिंग वाजली.

ठकूबाईनं फोन कट केला.

कुणी हसलं नाही. दादाभाऊंनी नुसती टोपी काढून पुन्हा घातली. रामनाथनं फोन बाहेर काढला, नंबर वाचला, आणि त्याचा चेहरा असा झाला की आदेशनं कॉलर सोडायला नको होती असं ज्यांना वाटत होतं, त्यांनाही आता ते वाटेनासं झालं.

त्यानंतर रामनाथ उलटा फोन लावतो म्हणे. रोज. अजून उचलला गेलेला नाही. वाडीत रेंज नसते, एवढं कारण सगळ्यांना पुरतं.